परत ठेवलेली नळी

१

चोरलेली वस्तू चोरानेच परत आणून जागेवर ठेवावी, असली चोरी माझ्या उभ्या नोकरीत मी पाहिली नव्हती.

दूध संघाच्या दक्षता पथकात माझी हाडं झिजली. दुधात पाणी घालणारे, पावडर कालवणारे, सीलबंद नमुन्याची बाटली बदलणारे, सगळे पाहिले आणि बहुतेक पकडले. निवृत्तीनंतर बारामतीत गप घरी बसावं, कुंड्यांना पाणी घालावं, तर एका सोमवारी डॉ. माधवी रणवरेचा फोन आला.

"म्हाळसाताई, पोलिसांत जायचं नाहीये. तुम्ही या."

माधवीचे वडील आमच्या संघात पशुवैद्य होते, त्यामुळे पोरगी माझ्या डोळ्यांसमोर वाढलेली. परदेशात शिकली, तिकडं चांगली नोकरी मिळत असताना परत आली आणि एमआयडीसीतल्या एका संशोधन केंद्रात मुक्काम ठोकून बसली. तिचा थोरला भाऊ चाळिशीच्या आतच मूत्रपिंडं निकामी होऊन गेला होता. ना साखरेचा आजार, ना दारू. दिवसभर उन्हात रानात राबणारा धडधाकट माणूस. तसेच आणखी कितीतरी इंदापूरच्या बाजूला गेले होते. ते का गेले आणि आधी ओळखता आलं असतं का, एवढ्या दोन प्रश्नांवर माधवीने आपलं वय वेचलं.

तिने मला थेट फ्रीझरपाशी नेलं. कपाटाएवढा फ्रीझर, आत उणे ऐंशी अंश. गावोगावच्या माणसांच्या रक्ताच्या बोटभर नळ्या खणाखणांत लावलेल्या.

"काल सकाळी कळंबच्या, नुकत्याच वारलेल्या दिगंबर खारतोडेची नळी जागेवर नव्हती," माधवी म्हणाली. "दुपारी यशराजने पुन्हा उघडलं, तर होती."

"काही कमी झालंय?"

"थेंबही नाही. सीलसुद्धा तसंच आहे."

मी हातमोजे चढवले आणि नळी चिमट्याने उचलली. शेजारच्या नळ्यांवर गोठलेल्या दवाचं पिठासारखं भुरभुरीत हीव होतं. हिच्यावर मात्र काचेसारखा पातळ बर्फ होता, म्हणजे हीव वितळून पुन्हा गोठलं होतं. नावाची चिठ्ठी ओली होऊन सुरकुतलेली आणि तिच्या कडेला एक काळा कण चिकटलेला.

"कारळ," मी म्हणाले. "चटणीतलं."

मागे उभा असलेला यशराज कसनुसा हसला. तो माधवीचा विद्यार्थी, पीएच.डी. संपत आलेली. आणि टेबलावरच्या त्याच्या उघड्या डब्यात भाकरीशेजारी काय होतं, तर कारळाची चटणी.

२

"मला आधी हे सांग," मी माधवीला विचारलं, "या नळीत चोरण्यासारखं आहे काय?"

तिने मला यंत्र दाखवलं. मास स्पेक्ट्रोमीटर. पंपाची घरघर अखंड चालू. आमच्या डेअरीत फॅट काढायचं यंत्र थेंबभर दुधावरून त्याची कुंडली मांडतं, तसंच हेही, पण हे रक्तातल्या प्रथिनांचे तुकडे एकेक तोलून ओळखतं. बरीच वर्षं आधी माधवीने गावोगावच्या तेव्हा धडधाकट असलेल्या माणसांचं रक्त घेऊन ठेवलं होतं. पुढे त्यातलं कुणी या आजाराने गेलं, की त्याचं जुनं रक्त काढायचं आणि जिवंत असलेल्यांच्या रक्ताशी ताडून पाहायचं. हजारो तुकड्यांतून एक तुकडा तिच्या हाती लागला. गेलेल्यांच्या रक्तात तो होता, जिवंतांच्या रक्तात नव्हता.

"मरणाच्या कितीतरी वर्षं आधी रक्तात उमटणारी खूण आहे ही, ताई. पुढच्या आठवड्यात हैदराबादच्या प्रयोगशाळेची मंडळी ताडून बघायला येतायत. त्यांनी मान्य केलं तर गावागावात तपासणी सुरू होईल. पण नळ्यांना कुणी हात लावतंय असं कळलं, तर ते दारातूनच परत जातील."

फ्रीझरच्या किल्ल्या तिच्याखेरीज तिघांकडे होत्या. केंद्राचे संचालक विजयसिंह, यशराज आणि गावोगाव फिरून रक्त गोळा करणारी संजीवनी.

आमचं बोलणं चालू असतानाच दारात एक बाई येऊन उभी राहिली. घामेजलेली, हातात एक्स-रेची मोठी पिशवी. सणसरची कौसल्या. तिचा नवरा रामहरी याच आजाराने अंथरुणाला खिळला होता. गेल्या वर्षी पुण्याच्या डॉक्टरांनी मूत्रपिंड बदलायला सांगितलं. कौसल्याचं जुळलंही. रामहरी मात्र बायकोचं पोट फाडायला तयार होईना आणि तेवढ्यात माधवीच्या यंत्राने सांगितलं, की त्याच्या रक्तात तो तुकडा नाही.

"बाई, पाय लई सुजल्यात त्यांचं," कौसल्या म्हणाली. "तुमी म्हनला हुतात धोका न्हाय. मंग मी आपरेशनचं बघू का र्‍हाऊ दे?"

"खूण नाहीये त्यांच्यात," माधवी म्हणाली. "आजार हळू जाणार. हैदराबादची तपासणी होऊ दे, मग ठरवू."

कौसल्या मान डोलावून एसटी गाठायला गेली. मी माधवीकडे वळले.

"कुठं छापून आलेलं नाही, आणि तू सांगून मोकळी झालीस?"

"रोज विचारायच्या हो त्या," ती खाली बघून म्हणाली. "आणि मला खात्री आहे."

म्हणजे पणाला नुसतं माधवीचं नाव लागलं नव्हतं. तिचा तुकडा खरा ठरला तर रामहरीने थांबण्यात शहाणपण होतं. खोटा ठरला तर तो माणूस नुसता वेळ घालवत होता, आणि तोही माधवीच्या सांगण्यावरून.

३

विजयसिंहांनी मला चहा पाजला, पण खुर्चीतून काही उठले नाहीत.

"मला या नळ्या चोरायची काय गरज? एक सही केली तर फ्रीझरच बंद होतो. ते यंत्र उसाच्या आणि दुधाच्या तपासणीला लावलं तर केंद्र स्वतःच्या पायावर उभं राहील, हे मी तोंडावर सांगत आलोय." माणूस उद्धट होता, पण आडून वार करणारा वाटला नाही. तसले मी पाहिलेत, ते चहाबरोबर बिस्किटंही देतात.

यशराजला मी व्हरांड्यात गाठलं. जर्मनीत जागा मिळाल्याचं त्याने दडवून ठेवलं होतं, ते मी दोन प्रश्नांत काढून घेतलं.

"मावशी, मी कशाला नळी नेईन? माझा सगळा प्रबंध त्याच तुकड्यावर उभा आहे. मॅडम बुडाल्या तर मीही बुडेन."

"खोट काढायचीच झाली, तर कुठे काढशील?"

तो घुटमळला. मग म्हणाला, "एक माणूस बसत नाही. निमगाव केतकीचे शाहिद मुलाणी. याच आजाराने गेले, पण त्यांच्या रक्तात तुकडा नाही. मॅडमनी लिहिलंय, खाण्यापिण्याचा फरक असेल."

माझं डोकं तडकलं. मुलाण्यांच्या घरी आमच्याच ज्वारीची भाकर आणि आमच्याच विहिरीचं पाणी. फरक कसला डोंबलाचा?

मी पुन्हा फ्रीझर उघडायला लावला आणि बॅटरी मारून एकेक खण पाहिला. काचेसारखा बर्फ एकट्या दिगंबरच्या नळीवर नव्हता. अधूनमधून तशा बऱ्याच नळ्या चमकत होत्या. मी नावं वाचत गेले आणि माधवी दर नावाला एकच शब्द बोलत गेली. गेले. गेले. हेही गेले.

"तपासायला तुम्हीच काढत असाल," मी म्हणाले.

"बर्फात ठेवून काढतो. आणि जिवंतांच्या नळ्याही तेवढ्याच वेळा काढतो. दोघांना वागणूक सारखीच द्यायची, हा तर पहिला नियम."

मग जिवंतांच्या नळ्यांवर भुरभुरीत हीव आणि मेलेल्यांच्या नळ्यांवर काच, असं का? मी शाहिद मुलाणीची नळी शोधली. माणूस मेलेला, पण नळीवर भुरभुरीत हीव होतं.

४

निमगाव केतकीत शाहिदचा धाकटा भाऊ रसूल पंक्चरचं दुकान चालवतो. आठवड्याचा बाजार असल्याने गर्दी होती. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत तो माझ्याशी बोलत होता.

"भाईंचं रक्त घेतल्यालं ठावं हाय मला. संजीवनीबाई यायच्या. चांगली बाई. भाई गेल्यावर मातीला बी आल्ती."

"नंतर कुणी त्या रक्ताचं काही विचारलं? मागितलं?"

"न्हाय वो. संजीवनीबाईनंच उलटं मला इचारलं, तुमाला काय पायजे का म्हून. मला कायबी उमजंना." त्याने ट्यूब पुसली. "मी म्हनलं, सांजच्याला माती दिली, दुवा मागितली. आता रक्ताचं काय करू? तवा ती म्हनली, तुमच्यात कावळ्याचं नसतंय, ते बरं हाय."

मी तिथेच बाकड्यावर बसले. बाजाराचा कालवा चालू होता आणि माझ्या डोळ्यांसमोर तो काळा कण आला. कारळ असतं लांबट, चकचकीत. चिठ्ठीला चिकटलेला कण चपटा होता आणि एका टोकाला निमुळता. मी रानात वाढलेली बाई, आणि डबा बघून भुलले.

तो काळा तीळ होता.

"रसूल, कळंबच्या दिगंबर खारतोडेचा दहावा कधी झाला, कुणाला ठाऊक असेल का?"

"ठाऊक कशाला लागतंय? आमी समदी गेल्तो. परवाच्या रविवारी, सकाळी, नीरेच्या काठाला."

५

संजीवनी कळंबला राहते. मी गेले तेव्हा दाण्याचं कूट करत बसली होती. केंद्रातून आले म्हणताच उठली आणि मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "नळी परत ठेवलीया, म्याडम. थेंब सांडू दिला न्हाय."

"ते माहीत आहे. कावळा शिवला का?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "शिवला. लगीच शिवला."

मग तिने सगळं सांगितलं. सुरुवातीला कळंबच्याच भामाबाईचा मुलगा गेला. दहाव्याला पिंड ठेवला, ऊन डोक्यावर आलं, तरी कावळा फिरकेना. दहीभात ठेवून झाला, त्याच्या आवडीची भजी ठेवून झाली, बायकोला बघू असा शब्द देऊन झाला. शेवटी भामाबाई गर्दीत उभ्या असलेल्या संजीवनीकडे वळली.

"म्हनली, तू माज्या लेकराचं रगात बर्फात कोंडून ठिवलंयस. अर्धा त्यो तिकडं हाय. त्यो हितं कसा यील? समदी माज्याकडं बगाय लागली, म्याडम. मी गाडी मारली, बारामतीस्नं नळी आनली. म्हातारीनं ती मुठीत धरली, छातीशी धरली. मंग पिंडाशेजारी तिळात ठिवली. आन कावळा आला."

"आणि मग गावोगाव कळलं."

"दर घरनं बोलावनं यायचं. मी न्हाय म्हनले असते, तर दुसऱ्या दिवसापास्नं रक्ताला कुनी हात फुडं केला नसता. आमचं मानूस आडकवून ठिवत्यात, म्हनले असते. मी तर माधवी म्याडमचंच काम राखत हुते." तिने पदराने तोंड पुसलं. "तुमी लोकं न्हाय म्हनला असता, म्हून सांगितलं न्हाय. जशीच्या तशी परत ठेवत हुते की. काय बिघडलं का?"

मी आयुष्यभर गुन्हेगारांना बोलतं केलं आणि त्यांच्या तोंडावर निकाल सांगितला. इथे गुन्हेगारच नव्हता. ज्या चांगुलपणामुळे माधवीला रक्त मिळत राहिलं, त्याच चांगुलपणाने त्या रक्ताचं वाटोळं केलं होतं.

६

माधवीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मी मांडलंही तिच्याच पद्धतीने. रामहरी आजारी आहे, पण जिवंत आहे, त्याच्यात तुकडा नाही. म्हणजे तुकडा आजाराचा नाही. शाहिद आजाराने गेला, त्याच्यातही नाही. म्हणजे मरणाशीही त्याचा संबंध नाही. राहिला तो दहावा. उन्हात, आईच्या मुठीत, नदीकाठी नळी वितळते आणि पुन्हा गोठते.

"वितळलेल्या रक्तात प्रथिनं आपोआप तुटतात," ती पुटपुटली. "पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हे शिकवते."

"करून बघ," मी म्हणाले आणि बाही वर केली.

यशराजने माझं रक्त काढलं. एक नळी सरळ फ्रीझरमध्ये गेली. दुसरी मी गच्चीवर उन्हात मुठीत धरून बसले. मग तीही गोठवली. दुसऱ्या दिवशी दोन्ही यंत्राला लावल्या. पहिल्या नळीची रेघ सपाट गेली. दुसरीचीही बराच वेळ सपाट जात होती, आणि मग त्या ठरलेल्या जागी ती उठली, चांगली उंच आणि टोकदार.

बी.पी.ची गोळीसुद्धा न घेणारी मी, यंत्राच्या लेखी मेलेली होते.

यशराज बाहेर निघून गेला. माधवीने पडदा बंद केला नाही. रडली असती तर मी जवळ घेतलं असतं, पण ती खूप वेळ त्या टोकाकडे बघत राहिली.

"चूक सापडली ना," मी समजावायला गेले. "आता नव्याने कर."

"कशावर करू, ताई? हे सगळे धडधाकट असतानाचं रक्त होतं ते. ते गेले. मेलेल्यांचं रक्त पुन्हा कुठून आणू?"

"शाहिदची नळी चांगली आहे."

"एका माणसावर काही सिद्ध होत नाही."

"आणि यापुढं जे घेशील ते?"

"घ्यायचं, आणि एकेक माणूस मरायची वाट बघायची. तोवर मी सत्तरीला येईन. आणि दहाव्याला नळी द्यायची नाही म्हटलं, तर रक्त देणार कोण?"

संध्याकाळी तिने हैदराबादला येऊ नका असं कळवलं. विजयसिंहांनी टोमणा मारला नाही, फक्त यंत्र चालू ठेवायला सांगितलं, पुढच्या महिन्यात दुधाच्या तपासणीचं काम येणार होतं. संजीवनीला तिने एका शब्दाने दुखवलं नाही. मलाच राग आवरत नव्हता आणि तो कुणावर काढावा हेही कळत नव्हतं. कुणी लबाड सापडला असता तर बरं झालं असतं, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

"चला," माधवी पर्स उचलत म्हणाली. "सणसरला जायचंय. फोनवर सांगण्यासारखं नाही हे."

७

रामहरी ओट्यावर लोडाला टेकून बसला होता. पाय सुजून गुळगुळीत झालेले, दम लागलेला. कौसल्याने आमच्यासाठी चटई टाकली. माधवीने आडवळण घेतलं नाही. यंत्र चुकलं नव्हतं, मी चुकले, असं ती म्हणाली. तो तुकडा असला काय आणि नसला काय, त्यावरून काहीच कळत नव्हतं. थांबा म्हणून सांगायला नको होतं.

कौसल्या आधी नवऱ्यावरच उलटली. "मी किडनी देत हुते तवा का घेतली न्हाय? हात जोडलं हुतं का न्हाय तुमास्नी?" तिने त्याच्या खांद्यावर थापट मारली आणि तिथेच डोकं टेकून रडायला लागली. तो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "बाईंनी मुद्दाम केलं न्हाय गं," एवढंच तो धापा टाकत म्हणाला. ते मला फार लागलं. शिव्या दिल्या असत्या तरी सोसल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही त्याला गाडीत घालून पुण्याला नेलं. कौसल्याने स्वतःचे जुने रिपोर्ट इस्त्रीच्या साड्यांसारखे घडी करून सोबत घेतले होते आणि काही खाल्लं नव्हतं, न जाणो आजच टेबलावर घेतील म्हणून. डॉक्टरांनी रामहरीच्या छातीची सोनोग्राफी केली आणि पडदा आमच्याकडे वळवला. हृदय फुगलं होतं, जेमतेम हलत होतं. गेल्या वर्षी आणला असता तर, असं वाक्य त्यांनी सुरू केलं आणि माधवीचा चेहरा बघून सोडून दिलं. आता त्याला भूल सोसणार नव्हती. डायलिसिस चालेल तेवढे दिवस चालवायचं, बाकी काही नाही.

हे कौसल्याला कुणी सांगायचं? डॉक्टर म्हणाले, मी सांगतो. माधवी नाही म्हणाली आणि स्वतः बाहेर गेली. मी तिच्यामागे गेले.

बाकावर बसलेल्या कौसल्याने सगळं ऐकलं. ती रडली नाही. उठली, रिपोर्टची पिशवी बाकावर ठेवली आणि दोन्ही हात कमरेवर, पाठीच्या बाजूला दाबून धरून माधवीसमोर उभी राहिली.

"माज्याकडं दोन हायत, बाई," ती म्हणाली. "येकीवर मानूस जगतंय म्हनं. मंग दुसरीचं मी आता काय करू?"